सात नंबरच्या टेबलाचा व्ह्यू

मंगळवारी सकाळी पावणेदहाला चाचणी विभागात भरणी यंत्राचा उचलता दांडा शाफ्टवरून निसटला आणि चाचणी घेणाऱ्या कामगाराची उजव्या हाताची दोन बोटं खालच्या पट्टीवर चिरडली गेली. यंत्र औषधाच्या बाटल्या भरण्याचं होतं. चाचणीत औषधाऐवजी पाणी वापरतात. थांबवायचं लाल बटण शेजारी लेबलं लावण्याचं यंत्र तपासत असलेल्या बाईनं दाबलं. पाणी त्यानंतरही थोडा वेळ पडत राहिलं, कारण पंपाचं बटण वेगळं आहे.

जखमी माणसाला कारखान्यात शिट्टी म्हणतात. यंत्र सुरू करण्याआधी तो एक लांब शिट्टी मारायचा, बाजूला व्हा या अर्थानं. त्या सकाळीही मारली होती.

त्याला दवाखान्यात नेल्यावर सुपरवायझरनं यंत्राचं झाकण काढलं. शाफ्टच्या टोकाला एक बारीक खाच होती आणि ती रिकामी होती. तिथं सर्क्लिप हवी होती. सर्क्लिप म्हणजे स्प्रिंगच्या पोलादाची, एका बाजूनं उघडी असलेली पातळ कडी. ती खाचेत बसली की दांडा बाहेर सरकू शकत नाही. कडी तुटून पडली असती तर खाचेतलं ग्रीस खरवडलेलं दिसलं असतं. ग्रीस जसंच्या तसं होतं. म्हणजे कडी बसवलेलीच नव्हती.

हे यंत्र सात नंबरच्या टेबलावर जोडलं गेलं होतं. त्या टेबलाच्या कप्प्यात उरलेल्या नटबोल्टांचा एक पत्र्याचा डबा असतो. कडी त्या डब्यात वॉशरमध्ये सापडली. टेबल मिस्त्रींचं होतं. कारखान्यातले सगळ्यात जुने फिटर तेच. त्यांच्याकडून काही राहिलं असं याआधी कधी झालं नव्हतं. सुपरवायझरनं यंत्र चाचणीला सोडताना झाकण उघडून पाहायचं असतं. त्यानं मिस्त्रींच्या हातचं आहे म्हणून न उघडताच सही केली होती.

मिस्त्रींची मुलगी वरच्या मजल्यावर डिझाइनच्या खोलीत काम करते. खालचे लोक तिला चित्रवाली म्हणतात, तोंडावर ताई. यंत्र आखणं तिच्याकडे नाही, ते डिझायनर करतात. आखलेलं यंत्र फिटरच्या टेबलावरच्या पडद्यावर कसं दिसावं, एवढंच ती ठरवते. कॅडच्या, म्हणजे संगणकावर यंत्र आखण्याच्या प्रोग्रॅमच्या, मॉडेलमध्ये सगळे भाग एकदमच एकमेकांत घुसून बसलेले असतात. ते तसंच पडद्यावर टाकलं तर बघणाऱ्याला काही उमगत नाही. म्हणून ती व्ह्यू बनवते, त्यात जोडणीच्या प्रत्येक टप्प्याचं वेगळं चित्र. आधी बसलेले भाग राखाडी आणि आरपार, आता बसवायचा तो निळा, नटबोल्ट पिवळे, आणि ज्यांची पाळी आलेली नाही ते लपवलेले. लपवलेला भाग मॉडेलमधून जात नाही. त्याचं वजन धरलं जातं, गोदामातून त्याची पिशवीही निघते. तो फक्त दिसत नाही.

कारखान्यातल्या सगळ्या टेबलांना एकच व्ह्यू जातो. त्याचं नाव ‘जुळणी’. सात नंबरला मात्र वर्षभरापासून ‘जुळणी-२’ नावाचा दुसराच जात होता. नावावरून कुणाला शंका येण्याचं कारण नव्हतं. त्या फायलींमध्ये ‘जुळणी-जुनी’, ‘जुळणी-नवी’ आणि ‘जुळणी-नवी-शेवटची-खरी’ असेही व्ह्यू पडून होते. कोण कशाला पुसत बसतो.

मिस्त्रींच्या दोन्ही डोळ्यांत नजरेच्या मधोमध डाग आहे, उजव्यात मोठा, डाव्यात लहान. कडेचं नीट दिसतं. ज्याच्यावर नजर रोखावी तेच पुसलं जातं. चष्म्यानं हे सुधारणार नाही, बारीक काम बंद करा, असं डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा खोलीत मिस्त्री आणि मुलगी दोघंच होते. बाहेर आल्यावर मिस्त्रींनी डॉक्टरांचा कागद चुरगळून कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि स्कूटरची किल्ली तिच्या हातात दिली. घरी गुडघ्यांचं कारण सांगायचं ठरलं. कारखान्यात काय सांगायचं याची चर्चाही झाली नाही. सांगितलं असतं तर टेबल गेलं असतं. गोदामात पिशव्या भरायला बसवलं असतं, नाहीतर सन्मानानं घरी पाठवलं असतं. “घरी बसून भिंतीकडे बघायचं,” ते तिला म्हणाले होते, “आणि भिंतही मधोमध नसायची.”

कारखान्याच्या वार्षिक तपासणीत अक्षरांचा एकच तक्ता वर्षानुवर्षं भिंतीवर आहे. तो मिस्त्रींना पाठ होता. निम्म्या कारखान्याला पाठ आहे.

अडचण पडद्याची होती. बोटांना सगळं कळायचं, पण यंत्रं बदलत राहतात आणि कुठला भाग कुठल्या बाजूनं चढतो हे पाहावंच लागतं. मिस्त्री मान तिरपी करून डोळ्यांच्या कडेनं पडदा बघायला लागले. सुपरवायझर त्याला कोंबडीची मान म्हणायचा आणि मिस्त्रीही हसायचे. मग मुलीनं त्यांच्यासाठी व्ह्यू बनवला. मागची बाजू काळी केली, भागांच्या कडा जाड पांढऱ्या, बसवायचा भाग भडक नारिंगी. तरीही बाबा म्हणाले की चित्रावर वाळू सांडल्यासारखं दिसतं. ती वाळू म्हणजे नटबोल्ट आणि वॉशर. तिनं ते काढायचं ठरवलं. प्रत्येक बोल्ट निवडून लपवणं शक्य नव्हतं, म्हणून तिनं त्या व्ह्यूला नियम घातला. तयार सुट्या भागांची एक लायब्ररी असते, बोल्टपासून बेअरिंगच्या झाकणापर्यंत सगळं तिच्यातून येतं. तिथून जे येईल ते लपव. मिस्त्रींना हे पसंत पडलं. भोक लागलं की बोल्ट लावायचा, ते काय चित्रात बघायचं, असं त्यांचं म्हणणं होतं.

वर्षभर सात नंबरवरून एकही यंत्र परत आलं नाही.

या यंत्रात उचलता दांडा आधी कॉलरनं अडवलेला असायचा. कॉलर म्हणजे मनगटाएवढं जाड कडं, कारखान्यातच बनवलेलं. ते व्ह्यूत नारिंगी दिसायचं. ग्राहकाला यंत्र धुताना दांडा लवकर काढता यावा म्हणून डिझायनरनं या खेपेला कॉलर काढली आणि शाफ्टला खाच देऊन सर्क्लिप टाकली. सर्क्लिप लायब्ररीतली होती. मॉडेल नवं झालं तसा ‘जुळणी-२’ आपोआप नवा झाला आणि नियमानं आपलं काम केलं. चित्रवालीनं तो एकदा उघडून पाहिला होता. कॉलर गेल्यामुळे चित्र आणखी मोकळं झालं होतं. तिला ते बरं वाटलं होतं.

मिस्त्रींना पडद्यावर दांडा दिसला. त्याच्यापुढे काहीच नव्हतं. त्यांनी दांडा चढवला आणि पुढच्या टप्प्यावर गेले. पिशवीत उरलेली कडी त्यांच्या बोटांना लागली तेव्हा त्यांनी ती जादा वॉशर समजून डब्यात टाकली.

हे सगळं चित्रवालीला मंगळवारी दुपारच्या आतच कळलं. खाली काय झालं ते ऐकल्यावर तिनं फाइल उघडली, ‘जुळणी-२’ लावला, शाफ्टचं टोक जवळ घेतलं आणि लपवलेले भाग दाखव असं सांगितलं. एक पातळ पिवळी कडी उमटली. ती तिच्याकडे पाहत राहिली. शेजारचा डिझायनर जेवायला चलतेस का विचारत होता, तिनं तुम्ही व्हा पुढे म्हटलं. फाइल बंद करताना बदल सेव्ह करायचे का असं कॅडनं विचारलं. हो म्हटलं असतं तर कडी त्या व्ह्यूत कायमची दिसू लागली असती. वर फाइलवर त्या दिवसाची तारीख पडली असती, पण ती कोण बघणार होतं. तिनं नाही म्हटलं. मग ती जेवायला गेली आणि डब्यातलं सगळं संपवलं.

रात्रीच्या जेवणाला आईनं विचारलं की त्या पोराची बोटं राहणार का. मिस्त्री म्हणाले, एक राहील म्हणतात. आईला डोळ्यांचं माहीत नव्हतं, किंवा माहीत असून ती बोलत नव्हती. मिस्त्रींनी ओतलेलं पाणी पेल्याबाहेर गेलं तसं तिनं फडकं पुढे सरकवलं. “यांना समोरची बायको दिसत नाही तिथं पेला काय दिसणार,” ती म्हणाली. हे ती गेली कित्येक वर्षं म्हणत आली होती, डोळे चांगले असतानाही. कुणी हसलं नाही तसं तिनं दोघांकडे पाहिलं आणि भांडी उचलायला लागली.

आई आत गेल्यावर मुलीनं बाबांना सांगितलं की कडी व्ह्यूत नव्हती, तिच्या नियमानं गेली होती. मिस्त्रींनी ऐकून घेतलं. त्यांनी एवढंच विचारलं की हे आणखी कुणाला माहीत आहे. कुणालाच नाही, ती म्हणाली. मग असू दे, ते म्हणाले. ते विसरले असं ते सांगणार होते. म्हातारा माणूस एखाद्या वेळी विसरतो, त्यावर कुणी टेबल काढून घेत नाही. तिनं त्यावर काही म्हटलं नाही. त्याचा अर्थ त्यांनी होकार असा घेतला.

बुधवारी संध्याकाळी ती दवाखान्यात गेली. शिट्टी उशीला टेकून बसला होता. हात कोपरापर्यंत पांढरा, छातीशी बांधलेला. एका बोटाचं पुढचं पेर काढलं होतं, दुसऱ्याबद्दल डॉक्टर अजून काही बोलत नव्हते. बायको खिडकीपाशी उभी राहून फोनवर कुणाला तरी तेच सांगत होती.

“या ताई,” तो म्हणाला. “बरं झालं, मी शिट्टी नुसत्या तोंडानं मारतो. बोटं घालून वाजवणारा असतो तर आज बेकार झालो असतो.”

बायकोनं फोन कानापासून बाजूला घेऊन त्याच्याकडे बघितलं आणि पुन्हा कानाला लावला.

त्यानं काका कसे आहेत ते विचारलं. कारखान्यातले तरुण मिस्त्रींना काका म्हणतात. काकांना सांगा मनाला लावून घेऊ नका, तो म्हणाला. थोड्या वेळानं म्हणाला की त्याला एक कळत नाही, काकांकडून कडी राहिलीच कशी. इतर कुणाच्या टेबलावरून यंत्र आलं की तो आधी हातानं दांडा ओढून बघायचा. सात नंबरचं असलं की नाही बघायचा. चित्रवालीनं मलाही माहीत नाही म्हटलं. खाटेच्या बाजूचा दांडा ज्या खिळीवर फिरत होता तिच्या टोकाला एक सर्क्लिप होती. ती नीट बसलेली होती. निघेपर्यंत तिची नजर तिथंच राहिली.

घरी येताना तिनं चौकशीत काय सांगायचं ते ठरवलं. बाबांना आधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी तिला गप्प केलं असतं.

चौकशी गुरुवारी वरच्या बैठकीच्या खोलीत झाली. डिझाइनप्रमुख, सुपरवायझर, मिस्त्री आणि चित्रवाली असे चौघं होते. प्रमुखांनी मॉडेल भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर लावलं होतं. मिस्त्रींनी सुरुवातीलाच सांगून टाकलं की चूक त्यांची आहे, कडी पिशवीत होती आणि लावायची राहिली. सुपरवायझरनं मान हलवली. त्याच्या मते हे तिथंच मिटत होतं, मिस्त्रींना लेखी ताकीद द्यायची आणि यंत्र पुन्हा जोडायचं. त्यानं न बघता केलेल्या सहीचा विषय त्यात निघत नव्हता.

प्रमुखांना मात्र एक गोष्ट खटकली होती. सात नंबरला ‘जुळणी-२’ जातो आणि त्यात कडी नाही, हे त्यांनी आदल्या दिवशी पाहिलं होतं. तो कुणी बनवला, असं त्यांनी विचारलं.

“मी,” चित्रवाली म्हणाली. “त्यात सगळे बारीक भाग लपवलेत. बाबांना ते दिसत नाहीत, म्हणून.”

मिस्त्री तिच्याकडे वळले, म्हणजे त्यांनी मान तिच्या बाजूला तिरपी केली.

“मला दिसतं,” ते म्हणाले.

“डॉक्टरांनी बारीक काम बंद करायला सांगितलंय.”

“कुठल्या डॉक्टरांनी?”

तिनं नाव सांगितलं. सुपरवायझरनं कागद आहे का विचारलं. कागद नव्हता. कधीची गोष्ट, असं प्रमुखांनी विचारलं तेव्हा ती वर्षापूर्वीची म्हणाली. त्यानंतरच्या वार्षिक तपासणीत मिस्त्री पास झाले आहेत, हे सुपरवायझरनं लगेच लक्षात आणून दिलं. त्या तपासणीला माणसं घेऊन जाण्याचं आणि आणण्याचं काम त्याच्याकडेच असतं.

प्रमुख शिकाऊ म्हणून आले तेव्हा सर्क्लिपचा चिमटा कसा धरायचा हे मिस्त्रींकडूनच शिकले होते. मग त्यांनी पडद्यावर सगळ्यांना जातो तो ‘जुळणी’ लावला, पिवळ्या नटबोल्टांसकट, आणि यंत्र थोडं फिरवलं.

“मिस्त्री, सर्क्लिप कुठं आहे तेवढी दाखवा.”

मिस्त्री उठले. पडद्याजवळ गेले, मान तिरपी केली आणि बोट ठेवलं. बोट बरोबर कडीवर होतं. शाफ्टचं टोक यंत्राच्या कुठल्या बाजूला येतं हे त्यांना झोपेतही सांगता आलं असतं, आणि मंगळवारपासून कारखान्यात दुसऱ्या कशाबद्दल कुणी बोललं नव्हतं.

“झालं?” सुपरवायझर म्हणाला.

चित्रवाली म्हणाली की दुसरा कुठलाही भाग विचारा, ज्याची चर्चा झालेली नाही असा. प्रमुखांनी माउसवर हात ठेवला, पण हलवला नाही.

“ताई, एक बोलू का,” सुपरवायझर म्हणाला. “नियम तुम्ही घातला, कडी तुम्ही लपवली, आणि आता वडिलांना आंधळं ठरवून त्यातून सुटताय. परक्या माणसानं असं केलं असतं तर समजलो असतो.”

तिनं वडिलांकडे पाहिलं. मिस्त्री खुर्चीत बसत होते. बसण्याआधी त्यांनी हातानं खुर्चीची पाठ चाचपली. ते प्रमुखांना दिसलं की नाही, हे तिला कळलं नाही.

निर्णय त्याच दुपारी लागला. दोष व्ह्यूचा. ‘जुळणी-२’ काढून टाकला. चित्रवालीचा फायली बदलण्याचा अधिकार पुढचं ठरेपर्यंत काढून घेतला. ती मॉडेल उघडू शकते, फिरवू शकते, भाग दाखवू किंवा लपवू शकते, पण त्यातलं काही सेव्ह होत नाही आणि काही खाली जात नाही. मिस्त्रींची डोळ्यांची तपासणी करायचं ठरलं. तेवढं प्रमुखांनी लावून धरलं. ज्या डॉक्टरांशी कारखान्याचा करार आहे ते सुटीवर होते. ते येईपर्यंत मिस्त्रींचं टेबल सात नंबरच राहणार आणि पडद्यावर इतरांसारखा ‘जुळणी’ राहणार.

घरी जाताना मिस्त्री स्कूटरवर मागे बसले. फाटकाशी उतरल्यावर ते म्हणाले, “टेबलावरून उठवायला निघालीस मला.”

“शिट्टीचं बोट गेलंय, बाबा.”

“मला माहीत आहे काय गेलंय ते.”

आत आईनं काय झालं म्हणून विचारलं, तेव्हा दोघांनीही काही नाही म्हटलं. आईनं मुलीच्या ताटात जास्तीचं वाढलं. ती ते जेवली.

शुक्रवारी सात नंबरवर पुढचं भरणी यंत्र चढलं. चित्रवालीच्या खोलीच्या खिडकीतून खालचा निम्मा कारखाना दिसतो. मिस्त्री पडद्यावर दोन बोटं ठेवून चित्र मोठं करत होते, इतकं मोठं की यंत्राऐवजी पडद्यावर एकच राखाडी पट्टा उरायचा. मग ते लहान करायचे. मग पुन्हा मोठं. इतर टेबलांवरचे लोक आपापल्या कामात होते. दांडा चढवल्यावर मिस्त्रींनी चिमट्यानं कडी बसवली आणि सुपरवायझरला हाक मारून दाखवली. सुपरवायझरनं नखानं कडी फिरवून पाहिली, प्रमुखांना खाली बोलावलं, त्यांनीही पाहिली. शेजारच्या टेबलावरचा फिटर येऊन पाहून गेला. कुणीतरी काहीतरी म्हटलं आणि मिस्त्रींसकट सगळे हसले.

चित्रवालीला करण्यासारखं काम नव्हतं. तिनं त्या यंत्राचं मॉडेल उघडलं आणि लायब्ररीतून आलेले भाग सोडून बाकी सगळं लपवलं. हे तिनं आधी कधी केलं नव्हतं. यंत्र नाहीसं झालं आणि काळ्या पडद्यावर नुसते बोल्ट, वॉशर आणि कड्या तरंगत राहिल्या, जिथल्या तिथं. त्यातल्या ज्या या खेपेला नव्यानं आल्या होत्या त्यांना तिनं लाल रंग दिला. सर्क्लिप लाल झाली. खाली, उलट्या बाजूला, आणखी एक भाग लाल झाला. बाटल्या पुढे ढकलणाऱ्या पट्टीच्या सांध्यात डिझायनरनं जुना बोल्ट काढून पिन टाकली होती. पिन सरकू नये म्हणून तिच्या भोकात कॉटर पिन होती, म्हणजे तारेचे दोन पाय असलेली बारीक खिळी, पाय फाकवून ठेवायची. मंगळवारच्या यंत्रात ती होती की नव्हती हे आता सांगता येत नाही, कारण ते यंत्र सुटं करून त्याचे भाग धुवायला गेले आहेत.

‘जुळणी’ लावून तिनं तीच जागा पाहिली. कॉटर पिन एक पिवळा ठिपका होती.

ती खाली गेली. तोपर्यंत त्या सांध्यावर पत्र्याचं झाकण बसलं होतं. तिनं सुपरवायझरला झाकण काढून बघायला सांगितलं. तो म्हणाला की आता त्यांच्या टेबलाशी तिचा संबंध नाही, आणि मिस्त्रींना त्यानं विचारलंय, सगळं लागलंय. मिस्त्री पाठमोरे उभे राहून हात पुसत होते. ती वर आली आणि प्रमुखांना मेल लिहिली. भागाचं नाव, जागा, झाकण काढून बघावं. सोबत लाल रंगाचं चित्र जोडलं. प्रमुख ग्राहकाला भेटायला बाहेर गेले होते.

संध्याकाळी तिनं घरी विचारलं.

“कॉटर पिन लावलीत का, बाबा? खालच्या सांध्यात?”

“लावली.”

“पाय फाकवलेत?”

मिस्त्री पेपर हातात धरून बसले होते. हल्ली ते पेपर धरतात, पानंही उलटतात. त्यांनी मान वर केली नाही.

“लावली म्हटलं ना.”

आई दारात उभी होती. ती एकदा मिस्त्रींकडे, एकदा मुलीकडे बघत होती. मग तिनं मिस्त्रींच्या हातातला पेपर घेतला, सरळ करून पुन्हा त्यांच्या हातात दिला, आणि आत गेली.

शनिवारी दुपारी यंत्र सात नंबरवरून चाचणी विभागात हलवण्यात आलं. सुपरवायझरनं सर्क्लिप परत एकदा पाहून सही केली. सांध्यावरचं झाकण काढलेलं नाही. चित्रवालीच्या मेलला उत्तर आलेलं नाही. प्रमुखांच्या खोलीतून सांगण्यात आलं की ते सोमवारी येतील. चाचणी सोमवारी सकाळी पहिल्या पाळीत आहे. शिट्टीच्या जागी ती घेण्यासाठी लाल बटण दाबणाऱ्या बाईला विचारण्यात आलं आहे. तिनं हो म्हटलं आहे.